परतीची वाट : बिघडलेले नाक आणि तौबाचा अर्थ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इशाची नमाज आटोपून मी घरी आलो, तेव्हा एक आई आणि तिची पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी माझ्या पत्नीजवळ बसल्या होत्या. मुलीने ओढणीचा पदर नाकावर धरला होता. मुलगी शिकलेली, शहरात नोकरी करणारी. लग्नासाठी आलेल्या दोन स्थळांनी नकार दिला होता आणि दोन्ही वेळा फिरून फिरून एकच कारण घरी पोहोचले होते : मुलीचे नाक. नाक मोठे होते, मधोमध उंचवटा होता. आजार कोणताच नव्हता. तिने घरात कुणाला न सांगता साठवलेला पगार खर्च करून शस्त्रक्रिया करून घेतली. सूज उतरत गेली तसे नाकाचे रूपही बदलत गेले. वर्ष उलटले तेव्हा शेंडा चिमटीत धरल्यासारखा आत ओढला गेला होता आणि एक बाजू खचली होती. वडिलांनी तिच्याशी बोलणे टाकले होते. टाकण्यापूर्वीचे त्यांचे शेवटचे वाक्य होते, “अल्लाहने दिलेले बदललेस, आता भोग.”

मुलीने मला विचारले, “मौलाना, माझे पहिले नाक मला परत मागता येईल का? की तो हक्क मी गमावला?”

उत्तर द्यायला मी वेळ घेतला नाही. अल्लाहच्या निर्मितीत फेरबदल करणे नाजायज आहे, झाले तो गुनाह होता, आता तौबा करावी, सबर करावा आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नये, असे मी सांगितले. मुलगी काही बोलली नाही. उंबरठ्यावर आई मागे वळली आणि म्हणाली, “मौलाना, रात्री ती तोंड उघडे ठेवून झोपते. वुजू करताना नाकात पाणी घेतले की जीव घाबरा होतो तिचा. तेवढे सांगायचे राहिले.”

सांगायचे त्यांचे राहिले नव्हते. विचारायचे माझे राहिले होते. नाकाविषयी आलेल्या प्रश्नाला मी केवळ रूपाचा विचार करून उत्तर दिले आणि नाक हे श्वासाचे दार आहे, हे विसरलो. त्या रात्री मला झोप आली नाही. प्रिय वाचकहो, हा लेख म्हणजे त्या घाईच्या उत्तराची दुरुस्ती आहे. असे प्रश्न आता अनेक घरांत येऊ लागले आहेत, म्हणून तो सर्वांसमोर ठेवत आहे.

चूक नेमकी कोणती?

इस्लाम सौंदर्याचा वैरी नाही. चांगले कपडे आणि चांगली पादत्राणे आवडणे हा अहंकार आहे का, असे विचारले गेले, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले की अल्लाह स्वतः सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे, अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. सुरमा, मेंदी, अत्तर, केस विंचरणे, नीटनेटके राहणे हे सारे आपल्या दीनमध्ये पसंत केले गेले आहे.

परंतु या पसंतीला एक सीमा आहे. सूरह निसाच्या ११९ व्या आयतीत सैतानाची प्रतिज्ञा सांगितली आहे : तो माणसांना आदेश देईल आणि माणसे अल्लाहच्या निर्मितीत बदल करू लागतील. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेल्या हदीसमध्ये गोंदणाऱ्या, गोंदवून घेणाऱ्या आणि रूप खुलावे म्हणून दातांमध्ये फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा कठोर निषेध आहे. त्या काळी दातांमधली बारीक फट तारुण्याची खूण समजली जाई, म्हणून वय लपवण्यासाठी दात घासून घेतले जात. या हदीसवर इमाम नववी (रह.) यांनी केलेले विवेचन आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे आहे. ते म्हणतात की निषेध आहे तो केवळ रूपासाठी केलेल्या कृत्याचा. उपचारासाठी किंवा दातातील दोषासाठी तेच करावे लागले तर हरकत नाही. म्हणजे हत्यार तेच, दातही तोच. हुकूम बदलतो तो गरजेमुळे आणि हेतूमुळे.

आपल्या काळातील उलमांनीही हीच रेषा कायम ठेवली. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ साली मलेशियातील पुत्रजाया येथे भरलेल्या अठराव्या अधिवेशनात सौंदर्य-शस्त्रक्रियेवर ठराव केला. जन्मजात दोष, अपघात, भाजणे, आजार यांमुळे आलेली विकृती दूर करणे आणि अवयवाला त्याचे काम परत मिळवून देणे त्यात जायज मानले गेले. नैसर्गिक, निरोगी चेहरा केवळ हौसेखातर किंवा कुणाचे अनुकरण म्हणून बदलणे मात्र नाजायज ठरवले गेले.

या कसोटीवर त्या मुलीची पहिली शस्त्रक्रिया उतरत नाही. तिचे नाक निरोगी होते. हे सत्य मी मऊ करून सांगणार नाही, कारण तसे केल्याने तिचे भले होणार नाही आणि तिच्यानंतर येणाऱ्यांचेही नाही.

पण चूक तिच्या एकटीची होती का? सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत पुरुषांनी पुरुषांची आणि स्त्रियांनी स्त्रियांची चेष्टा करू नये, एकमेकांना टोमणे मारू नयेत, वाईट नावांनी हाक मारू नये, असा थेट आदेश आहे. आपण मराठी बोलणारी माणसे. आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू : नाक कापले जाते, नाक खाली जाते, नाक वर करून चालता येते. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने ही म्हण आपल्या घरातही हसत हसत वापरली जाते आणि खोलीच्या कोपऱ्यात बसलेली एखादी मुलगी ती ऐकत असते. ज्या दोन घरांनी चहा-पोहे घेऊन नाकावर बोट ठेवले, ज्या मावशी-फुप्पींनी ते बोट घरोघर फिरवले, त्यांच्यापैकी कुणालाही “आता भोग” असे कुणी म्हटले नाही. सुरी सर्जनच्या हातात होती, पण तिला धार आपण सर्वांनी मिळून लावली होती.

चांदीचे नाक आणि सोन्याचे नाक

दुसऱ्या दिवशी मी माझ्या उस्तादांना फोन केला. त्यांनी मसअला शांतपणे ऐकला आणि एवढेच विचारले, “अरफजा (रजि.) यांची हदीस तुम्ही पढलात ना?”

पढलो होतो. अबू दाऊद, तिर्मिजी आणि नसाई या तिन्ही संग्रहांत ती आहे. हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक अज्ञानकाळातील कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक करवून बसवले. पुढे त्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले.

मदरशात ही हदीस मी सोन्याच्या मसअल्यासाठी पाठ केली होती. पुरुषाला सोने हराम, तरी गरजेपोटी परवानगी मिळाली; सोन्याच्या तारेने दात बांधण्याची चर्चा याच हदीसवरून होते. आमच्या हनफी ग्रंथांत इमाम अबू हनीफा (रह.) आणि त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांच्यातील मतभेदही मी परीक्षेत लिहिला होता. पण उस्तादांनी दाखवून दिले ते माझ्या कधी लक्षात आले नव्हते. या हदीसमध्ये नाके दोन आहेत. पहिला उपाय बिघडला होता. अरफजा (रजि.) पैगंबरांच्या काळात ज्या अडचणीत होते ती मूळ जखमेची नव्हती, बिघडलेल्या दुरुस्तीची होती. पैगंबर (स.) यांनी त्यांना असे सांगितले नाही की एकदा करून पाहिलेत, आता दुर्गंधी सोसा. त्यांनी अधिक चांगल्या उपायाकडे बोट दाखवले, आणि त्यासाठी एरवी निषिद्ध असलेला धातूही मोकळा केला.

अर्थात अरफजा (रजि.) यांचे नाक शत्रूने कापले होते आणि या मुलीने स्वतः बिघडवून घेतले, हा फरक उरतोच. वडिलांचे वाक्य याच फरकावर उभे होते. आपल्या चुकीने ओढवलेल्या इजेवर इलाज मागण्याचा हक्क माणसाला असतो की नाही, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

शाफिई फिकहच्या ग्रंथांत, ज्यांचे अनुसरण आपले कोकणी बांधव करतात, याच्या जवळचा एक मसअला आहे. एखाद्याने विनाकारण उंचावरून उडी मारून पाय मोडून घेतला आणि त्यामुळे तो बसून नमाज पढू लागला, तर त्याच्या नमाजा ग्राह्य आहेत. बरे झाल्यावर त्या परत पढाव्या लागत नाहीत. उडी मारणे गुनाह होता, पण तो गुनाह उडीपाशी संपला. मोडलेला पाय हा गुनाह नाही, ती इजा आहे, आणि इजा झालेल्याला मिळणारी सवलत त्यालाही मिळते. व्यवहारातही आपण असेच वागतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा हात मोडला तर हाड बसवायचे की नाही, हे विचारायला कुणी मशिदीत येत नाही. आधी हाड बसवतात, समज नंतर देतात. मग मुलीच्या नाकापाशीच आपला न्याय इतका कडक का होतो?

पुण्यातील एक नाक

नाकाच्या दुरुस्तीचा इतिहास आपल्याच भूमीशी जोडलेला आहे. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेतून नाक पुन्हा घडवण्याची रीत सांगितली आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याच्या एका शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तांत छापला. कावसजी हा इंग्रज फौजेचा बैल हाकणारा गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाच्या त्वचेतून नवे नाक तयार केले. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ आखली आणि तेवढी त्वचा सोडवून, भुवयांमधला एक धागा जोडलेला ठेवून, खाली वळवली. तो वृत्तांत वाचून लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली हीच रीत वापरली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. आजही कपाळाच्या त्वचेतून नाक घडवण्याच्या या पद्धतीला जगभर भारतीय पद्धत म्हणतात.

ही हकीकत सांगताना आपल्या मनाला बोचणारी गोष्ट टाळता येणार नाही. नाक-कान कापणे याला हदीसमध्ये मुस्ला म्हटले आहे आणि पैगंबर (स.) यांनी शत्रूच्या बाबतीतही ते मना केले आहे. कापणारा कोणत्या झेंड्याखाली उभा होता, याने हुकूम बदलत नाही. त्या हकीकतीत आपल्या शिकवणुकीच्या अधिक जवळ उभा आहे तो नाक कापणारा शिपाई नव्हे, नाक घडवणारा तो अनाम कारागीर. बिघडलेले जोडणे ही अल्लाहच्या निर्मितीची सेवा आहे, तिच्यातील फेरबदल नव्हे.

गोंदणाचा मसअला

आता मुलीच्या मूळ शब्दांकडे येऊ. तिने विचारले होते, पहिले नाक परत मागता येईल का? येथे दुसरा एक मसअला वाट दाखवतो. गोंदण नाजायज आहे हे सर्वमान्य आहे. पण ज्याने आधीच गोंदवून घेतले आणि नंतर त्याला पश्चात्ताप झाला, त्याने काय करावे? इमाम नववी (रह.) आणि त्यांच्या परंपरेतील फकीह सांगतात : उपचाराने ते निघत असेल तर काढावे. परंतु ते काढताना अवयव निकामी होण्याची, त्याचे काम बिघडण्याची किंवा दर्शनी अवयवावर मोठी विद्रूपता येण्याची भीती असेल, तर काढणे आवश्यक राहत नाही. तौबा पुरेशी आहे आणि तौबानंतर त्याच्यावर गुनाह उरत नाही.

या उत्तरात दोन टोकांच्या चुकांना लगाम आहे. जो म्हणतो की बदलले ते बदलले, आता हात लावू नकोस, त्याला ते सांगते की इजेशिवाय पूर्ववत होत असेल तर करावे. आणि जो म्हणतो की पूर्वीचे रूप आणल्याखेरीज माझी तौबा पुरी होणार नाही, त्याला ते सांगते की शरीरावरची खूण राहूनही मन स्वच्छ होऊ शकते. फकीहांच्या नियमांत, जे पुढे उस्मानी काळातील ‘मजल्ला’च्या आरंभी क्रमाने मांडले गेले, हीच दोन पावले आहेत : इजा दूर केली पाहिजे; मात्र एक इजा तिच्यासारख्याच दुसऱ्या इजेने दूर करू नये.

आजच्या वैद्यकाला हे चपखल लागू पडते. नाकाचा आकार काही जण शस्त्रक्रियेने नव्हे, तर त्वचेखाली द्रव्य टोचून बदलतात. त्यातील हायल्युरॉनिक आम्लाचे द्रव्य दुसऱ्या एका औषधाने विरघळवता येते. ते डॉक्टरांकडून काढून घेणे हे सहज निघणाऱ्या गोंदणासारखे आहे. आणि टोचणे निरुपद्रवी आहे असे समजून कुणी त्या वाटेला जाऊ नये. ते द्रव्य रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते.

शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी. नाकाचा आकार हाडावर जेवढा, तेवढाच आतील कूर्चेवर उभा असतो. पहिल्या वेळी कापून टाकलेली कूर्चा परत येत नाही. आत व्रणाच्या कठीण ऊती तयार झालेल्या असतात. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेत आधारासाठी कूर्चा कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते, आणि ती शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. शेंड्याची सूज फार सावकाश उतरते, म्हणून दुसऱ्यांदा हात घालण्यापूर्वी सर्जन साधारणपणे वर्षभर थांबायला सांगतात. कुशल हातांनी श्वास मोकळा होऊ शकतो, खचलेला भाग उचलता येतो. परंतु जुन्या फोटोतले नाक जसेच्या तसे कुणीच परत देऊ शकत नाही. जो डॉक्टर तसे वचन देतो, त्याच्यापासून सावध राहावे.

दुसऱ्यांदा सुरीखाली जाण्यापूर्वी

या सर्वांवरून मला जे समजले ते मी चार प्रश्नांच्या रूपात मांडतो. हा फतवा नव्हे. प्रत्येकाने आपला तपशील विश्वासू मुफ्ती आणि विश्वासू डॉक्टर या दोघांपुढे ठेवावा.

पहिला प्रश्न : इजा खरी आहे का? श्वास अडतो, वेदना होते, नाकाचा पडदा फाटला आहे, किंवा चारचौघांच्याही नजरेत भरेल अशी विकृती आली आहे, तर ही हाजत आहे आणि इलाज जायज आहे. अल्लाहने आजार दिला तसा त्याचा उपायही दिला, म्हणून उपचार करावेत, ही पैगंबर (स.) यांची शिकवण येथे लागू होते.

दुसरा : मी दुरुस्ती मागतो आहे की नव्या स्वप्नाचा पाठलाग करतो आहे? नाक चांगले चालते, पाहणाऱ्याला काही वावगे दिसत नाही, फक्त आरशातले मन भरत नाही, तर ती पहिलीच चूक नव्या नावाने पुन्हा होत आहे.

तिसरा : जे मिळेल ते जे धोक्यात घालायचे त्याहून मोठे आहे का? येथे निर्णय आपल्या इच्छेवर नव्हे, जाणकाराच्या अंदाजावर सोडावा. आणि तो अंदाज शक्यतो ज्याने पहिली शस्त्रक्रिया केली त्याच्याखेरीज दुसऱ्याकडूनही घ्यावा.

चौथा प्रश्न फार हळुवारपणे विचारायचा आहे : आजार नाकात आहे की मनात? मनाचा एक आजार असा असतो की माणसाला आपल्या रूपातला नसलेला किंवा नगण्य दोष डोंगराएवढा वाटतो. तो तासन्‌तास आरशापुढे उभा राहतो किंवा आरसाच टाळतो. अशा रुग्णाचे समाधान सुरीने सहसा होत नाही. एक शस्त्रक्रिया दुसरीला बोलावते. त्याला मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. याला वेड म्हणून हिणवू नये आणि ईमानची कमजोरी म्हणून धिक्कारूही नये. उपचार करा ही शिकवण मनालाही लागू आहे.

डॉक्टर बंधू-भगिनींनाही दोन शब्द. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो, आणि वैद्यक न शिकता इलाज करणारा झालेल्या हानीला जबाबदार असतो, अशा दोन्ही हदीस आहेत. घाबरलेली, टोमण्यांनी पोळलेली मुलगी समोर बसली असताना तिला शक्यतांची चित्रे दाखवणे सोपे आहे. तिला घरी परत पाठवणे अवघड आहे. कित्येकदा तेच वैद्यक असते.

तौबा म्हणजे परतणे

अरबीत तौबा या शब्दाचा मूळ अर्थच परतणे असा आहे. ती मुलगी “परत” हा शब्द घेऊन माझ्याकडे आली होती, आणि मी तिला तौबा हा शब्द शिक्षेसारखा परत केला. मराठी आणि अरबी दोन्ही शिकूनही हे दोन शब्द एकच आहेत, हे मला त्या वेळी दिसले नाही.

तिच्या प्रश्नात दोन मागण्या गुंतलेल्या होत्या. एक होती इजेतून सुटका. ती डॉक्टरकडे मागायची आहे आणि ती जायज आहे. दुसरी होती, झालेले न झाल्यासारखे व्हावे. ही मागणी जगातील कोणताही सर्जन पुरी करू शकत नाही, आणि ती त्याच्याकडे घेऊन गेले की माणूस तिसऱ्या-चौथ्या शस्त्रक्रियेच्या दारात उभा राहतो. ही मागणी जेथे ऐकली जाते ते दार एकच आहे. सूरह जुमरच्या ५३ व्या आयतीत, स्वतःवर अत्याचार केलेल्या दासांनाही अल्लाह आपल्या दयेपासून निराश न होण्यास सांगतो. स्वतःच्या चेहऱ्यावर झालेली चूक यापेक्षा वेगळी काय असते? उलमांनी तौबाच्या अटी सांगितल्या आहेत : गुनाह सोडणे, पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा निर्धार करणे, आणि दुसऱ्याचा हक्क बुडाला असेल तर तो परत करणे. पूर्वीचा चेहरा परत आणणे ही अट त्यांत कोठेही नाही.

आणि पश्चात्ताप म्हणजे जन्मभर “तसे केले नसते तर” असे घोकत राहणे नव्हे. संकटानंतरचा हा “जर-तर” सैतानाच्या कामाला दार उघडतो, असे सहीह मुस्लिमच्या हदीसमध्ये सांगितले आहे. पश्चात्ताप माणसाला पुढे नेतो. ‘जर-तर’ त्याला आरशापुढे खिळवून ठेवतो.

ज्यांना आपल्या रूपामुळे जग नाकारते असे वाटते, त्यांनी दोन सहाबींना आठवावे. हजरत जाहिर (रजि.) हे वाळवंटात राहणारे, रूपाने ओबडधोबड. ते बाजारात माल विकत असताना पैगंबर (स.) यांनी त्यांना मागून मिठी मारली आणि गमतीने हा गुलाम कोण विकत घेतो असे पुकारले. मला घेऊन तुमचा तोटाच होईल, असे ते म्हणाले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी सांगितले की अल्लाहजवळ तुमचे मोल कमी नाही. हजरत जुलैबीब (रजि.) यांना रूपामुळे कुणी मुलगी देत नव्हते, पैगंबर (स.) यांनी स्वतः त्यांचा पैगाम नेला, आणि त्या घरातील मुलीने आईवडिलांच्या आधी होकार दिला. युद्धानंतर जुलैबीब (रजि.) शहीद होऊन पडले होते, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना आपल्यातला म्हटले आणि स्वतःच्या बाहूंवर उचलून घेतले. समाजाने रूपावरून नाकारलेल्या माणसासाठी पैगंबर (स.) यांनी स्थळ शोधले, आपण मात्र रूपावरून स्थळे नाकारतो.

त्या आठवड्यात मी पत्नीला सोबत घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. वडिलांच्या समोरच मी तिला म्हणालो, “बेटा, मी अर्धाच मसअला सांगितला होता. मला माफ कर.” मग उरलेला अर्धा सांगितला. वडील बराच वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी मला नव्हे, मुलीला विचारले, “श्वास केव्हापासून लागतो?” वर्षभरानंतर बाप आणि लेक यांच्यातले ते पहिले वाक्य होते.

पुढे दोन डॉक्टरांच्या सल्ल्याने, श्वासासाठी आणि खचलेल्या भागाच्या आधारासाठी एक शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात बाहेरच्या बाकावर वडील बसले होते. तिचे पहिले नाक परत आलेले नाही. ते येणारही नव्हते. एका बाजूची थोडी खोच अजून दिसते. परवा तिची आई भेटली, तेव्हा मी विचारले, आता कशी आहे? त्या म्हणाल्या, “मौलाना, आता वुजूत पाणी नाकात घेते. सजदा लांब करते.”

या अल्लाह, ज्याने आम्हाला घडवले त्या तुझ्या मर्जीवर आम्हाला राजी ठेव. आमच्या जिभेने कुणाचा चेहरा जखमी होऊ देऊ नकोस. जे चुकले आहेत त्यांना परतीची वाट दाखव, आणि ती वाट दाखवणाऱ्या आम्हाला घाईपासून वाचव. आमीन.